इपीच्या पेटीवरचे साप

१

सकाळी आठला मी पुराणवस्तूंच्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येतो, पंखा लावतो आणि दुपारी दोनपर्यंत जुन्या चित्रलिपीतल्या चिन्हांना क्रमांक देतो. डाव्या पडद्यावर फोटो, उजव्या पडद्यावर ओळ. फोटोत घुबड दिसलं की घुबडाचा क्रमांक, पाणी दिसलं की पाण्याचा. क्रमांक टाकला की ओळीत त्या चिन्हाचं चित्र उमटतं. चार हजार वर्षांपूर्वी कुणी तरी बोरूनं लिहिलेलं असं एकेक करून संगणकात जातं. आमच्या मल्लावी गावात कुणी विचारलं, काय काम करतोस, तर मी टायपिंग म्हणून सांगतो. जास्त काही सांगायला गेलं की लोक आवाज खाली आणून विचारतात, "सोनं किती निघालं?"

अकरा वर्षं झाली. माझ्या हातून चूक होत नाही, असं आमच्या प्रमुख डॉक्टर हिक्मत चारचौघांत सांगतात. मला ते आवडायचं.

समोरच्या टेबलावर वहबा बसतो. क्रमांकामागची चित्रं काढणारा तोच. माणूस जाडजूड आहे, खुर्चीत टेकला की खुर्ची कण्हते. पूर्वी तो मला अबू नवारा म्हणायचा, नवाराचा बाप. सगळेच म्हणायचे. आता सगळे शफीक म्हणतात. चांगल्या मनानंच म्हणतात, पण दर वेळी कळ येते.

पानगळीच्या सुमाराला इपीची पेटी आमच्याकडे आली. लाकडी शवपेटी, जेमतेम सव्वा मीटर लांब. नावापुढे लहान मुलाचं चिन्ह होतं, बसलेलं मूल, एक हात तोंडाशी. म्हणजे इपी पोर होती. पेटीच्या चारही बाजूंना लिखाण, आणि त्यात जागोजाग साप, दोन शिंगांचा. हे अक्षर त्या लिपीत पावलोपावली येतं, ते टाळून लिहिताच येत नाही. पण पेटीत पोर एकटं निजणार, त्याच्या उशाला अख्खा साप कसा ठेवायचा? म्हणून लिहिणाऱ्यानं प्रत्येक साप मधोमध तोडून काढला होता. डोकं इकडं, धड तिकडं, मध्ये बोटभर कोरी जागा. जुने लोक असंच करत.

आमच्या यादीत साप एकच आहे, आय-नऊ, आणि तो अख्खा आहे. तोडलेला असो, पुसट असो, क्रमांक तोच टाकायचा, कारण अर्थ बदलत नाही. हा नियम मीच नव्या लोकांना शिकवतो. पेटीवर एकतीस साप होते. मी एकतीस वेळा आय-नऊ दाबलं, आणि ओळींत एकतीस अख्खे साप उमटले.

नवाराला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. ती सात वर्षांची होती, आणि तिला साप चावला होता. तोच, दोन शिंगांचा. तुम्ही म्हणाल, मग तुझा हात थरथरला नाही? नाही थरथरला. कामात मी चिन्हाकडे साप म्हणून बघतच नाही. तीच तर माझी हुशारी.

२

रविवारी तपासणीसाठी पानं छापली. मी लाल पेन घेऊन बसलो. तिसऱ्याच ओळीत थांबलो.

मुलाचा हात तोंडाशी नव्हता. तो गुडघ्यावर होता.

"वहबा, तुझं पोर बिघडलंय," मी म्हणालो.

"माझं? माझी पोरं चर्चच्या शाळेत आहेत, तिथं बिघडायची सोय नाही." तो हसत आला, कागद उचलून बघितला आणि हसायचा थांबला. मग त्यानं आपलं मूळ चित्र उघडलं. त्यात हात तोंडाशी होता. माझ्या ओळीतला क्रमांकही बरोबर होता, ए-सतरा. पुन्हा छापलं. हात गुडघ्यावर.

"छपाईयंत्राचं डोकं फिरलंय," वहबा म्हणाला. "त्याचंही वय झालं, माझ्यासारखं."

पेटीवर मुलाचं चिन्ह नऊ वेळा येतं. मी नऊही तपासली. जिथं शेजारी साप नव्हता तिथं हात तोंडाशी होता. जिथं साप होता तिथं हात खाली घसरला होता, आणि साप जितका जवळ, तितका हात जास्त खाली. सातव्या ओळीत साप मुलाला अगदी लागून होता. तिथं मुलानं आपला पाय धरला होता.

मी पानं उपडी ठेवली आणि खाली जाऊन पाणी पिऊन आलो. आलो तेव्हा खोलीत एक आवाज होता. कोरड्या लाकडावर पॉलिशचा कागद घासावा तसा, खसखस. मी पंखा बंद केला. आवाज चालूच राहिला. वहबाला विचारलं तर तो म्हणाला, कबुतरं असतील छपरात.

३

आता घरातलं सांगतो, नाही तर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

आमचं घर पश्चिमेच्या डोंगराच्या पायथ्याशी, गावाच्या शेवटी आहे. मागच्या अंगणात मातीची भट्टी आहे. त्या दिवशी माझी बायको इन्साफ मिन्याला बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. नवाराची तयारी माझ्याकडे. मी तिची एक वेणी घातली आणि दुसरीला हात घातला, तेवढ्यात चहा उकळला. मी म्हटलं, "थांब, चहा निवतो. दुसरी चहा पिऊन घालतो."

ती भट्टीकडे गेली आणि परत आली. "बाबा, भट्टीमागं काही तरी घासतंय."

"काही नसतं तिथं," मी म्हणालो.

"तुम्ही येऊन बघा ना."

"चहा पिऊ दे गं, नवारा."

मी तो अख्खा पेला प्यायलो. सावकाश, दोन चमचे साखरेचा. तेवढ्यात ती परत एकटी गेली. ओरडली तेव्हाही मला वाटलं, विंचू असेल.

मल्लावीच्या दवाखान्यात औषध होतं, ते दिलंही. पण चार वाजता सगळं संपलं. शेवटपर्यंत तिनं पाय सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी रिफाईला बोलावलं, घराघरातून साप काढणारा. त्यानं भट्टीमागून तो हातानं उचलला आणि पिशवीत घातला. "हा फुत्कारत नाही, अंगावर अंग घासतो. खसखस येते ती त्याचीच," तो म्हणाला. मी कुऱ्हाड घेऊन उभा होतो. म्हटलं, दे इकडं, मला त्याचे दोन तुकडे करायचेत. तो नाही म्हणाला. रिफाई लोकांची शपथ असते, धरायचा, पण मारायचा नाही. पिशवी खांद्याला लावून तो निघून गेला आणि साप अख्खाच राहिला.

इन्साफनं मला एकदाच विचारलं, परत येऊन तिला शेवटची आंघोळ घातल्यावर. "तिची एक वेणी सुटलेली कशी?"

"खेळताना सुटली असेल," मी म्हणालो.

त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. भाकरी करते, वाढते, माझे कपडे धुते. आमच्या घरात आता भांड्यांचेच आवाज होतात.

४

सोमवारी मी तळमजल्यावर गेलो, पेटी बघायला. म्हटलं, फोटोचं आणि यंत्राचं सोड, खरं काय ते लाकडावर आहे. कुलूपवाल्या रिदवानकाकांनी वही पुढं केली, सही घेतली आणि दार उघडून बाहेर सिगारेट ओढत बसले.

पेटी आली त्या दिवशी मी सातव्या ओळीतल्या सापाच्या तुकड्यांमध्ये बोट धरून बघितलं होतं, न टेकवता, नुसतं मापायला. करंगळी आरामात मावत होती. आता मी करंगळी धरली. मावेना. उलटी करून नखाची कड धरली, तीही दोन्ही बाजूंना रंगावर आली. धड डोक्याकडे सरकलं होतं.

लाकूड फुगतं, मी स्वतःला म्हणालो. नदीचा दमटपणा, जुनं लाकूड. पण लाकूड फुगलं तर फट वाढेल, मिटेल कशी? आणि फुगायचंच तर सगळं फुगेल, एकट्या सापाची जागा कशी बदलेल? मी दुसरे साप बघितले. सगळे जुळत आले होते. मूल मात्र पेटीवर अजून जसंच्या तसं होतं, हात तोंडाशी. मी खाली वाकून त्या मुलाकडे बघत राहिलो आणि माझ्या कानाशी खसखस झाली. लाकडाच्या आतून.

मी रिदवानकाकांना हाक मारली. माझा आवाज ऐकून ते सिगारेट टाकून धावत आले.

"काय रे? चेहरा का असा पांढरा पडलाय?"

"काका, काही ऐकू येतंय?"

त्यांनी कान दिला. "माझा डावा कान बंद आहे, बाळा. उजव्यानं तर फक्त रस्ता ऐकू येतो." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लहान पेट्यांपाशी तू येऊ नकोस. डॉक्टरबाईंना सांग, दुसरं काम दे म्हणावं."

५

डॉक्टर हिक्मत वाईट नाहीत. नवारा गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्या स्वतः घरी आल्या होत्या, इन्साफजवळ तासभर जमिनीवर बसल्या होत्या. म्हणून मी त्यांना छपाईचं, लाकडाचं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "तोडलेल्या सापाला वेगळा क्रमांक हवा."

"का?"

"लिहिणाऱ्यानं तो मुद्दाम तोडलाय. आपण जोडतोय."

"आपण जोडत नाही, उस्ताद शफीक, आपण नोंदवतोय." त्यांनी चष्मा काढला. "एकाच पेटीवरचं चिन्ह यादीत जात नाही. निदान तीन ठिकाणचे पुरावे, मग समिती, मग वर्षभर वाट. नियम तुम्हीच मला पाठ म्हणून दाखवता."

"मग फाईल थांबवा."

"गुरुवारी दोन वाजता ती मुख्य साठ्यात जाणार. तिथून सगळीकडे, जगभर. एकदा गेली की आपल्या हातात नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "अर्थ बदलतो का, सांगा बरं. एका तरी शब्दाचा अर्थ बदलतो?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

मी काय सांगणार होतो? की जगभर जिथं जिथं ही फाईल उघडेल तिथं तिथं एकतीस साप अख्खे असतील आणि त्यांच्यात एक पोर बसलेलं असेल? की चार हजार वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता, आणि मी एका सकाळीत तिच्याभोवती साप सोडले? की मला आता दोन पोरी आहेत, आणि दोघींनाही मीच?

"रजा घ्या," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हणणार नाही."

६

बुधवारी वहबानं मला चित्र काढून दिलं. आधी चेष्टा केली.

"साप तोडू? बरं. घुबडाचे पंखही छाटू का? सिंहाला चष्मा?"

"वहबा, मी तुझ्या पाया पडतो."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मग चित्र उघडलं, सापाच्या मध्यावर दोन रेघा मारल्या आणि मधला भाग पुसला. "रिकाम्या क्रमांकावर ठेवतोय. यादीत नाही, कुणाला कळलं तर दोघांची नोकरी जाईल. माझी गेली तर मी तुझ्या घरी जेवायला येणार, सांगून ठेवतो. आणि मी किती जेवतो ते तुला माहीत आहे."

"एका फटक्यात सगळे बदलता येतील का?"

"नाही. यादीबाहेरचं एकेक करूनच बसवावं लागतं, फोटोशी ताडून."

गुरुवारी सकाळी मी बसलो. पहिला साप. आय-नऊ खोडलं, नवा क्रमांक टाकला. ओळीत साप दोन तुकडे होऊन पडला. शेजारच्या मुलाचा हात गुडघ्यावरून वर आला आणि तोंडाशी टेकला. मी तो येताना बघितला नाही. डोळ्याची पापणी मिटून उघडली आणि हात जागेवर होता.

दुसरा. पाचवा. दहावा. खसखस कमी कमी होत गेली. वहबा मधूनच विचारायचा, "किती?" मी सांगायचो. सातव्या ओळीत मुलानं पाय सोडला तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून रडलो. वहबानं पंख्याचा वेग वाढवला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

दीड वाजता तीस झाले. वहबा म्हणाला, "एक राहिला ना? मी चहा आणतो. आज तुझ्या पेल्यात मीच साखर टाकणार." आणि खाली गेला.

७

एकतिसावा साप शेवटच्या ओळीत होता, पायाच्या बाजूला. फोटोत तिथं मुलाचं चिन्ह एक आहे. पेटीवरही तिथं एकच आहे, मी शंभरदा बघितलंय. पडद्यावर ओळीच्या टोकाला दोन होती.

पहिलं नेहमीचं, इपीचं. दुसरं मी टाकलेलं नव्हतं. त्याच्यावर बाण नेला तर क्रमांकाच्या जागी काहीच येईना. मी ओळ मोठी केली. मग आणखी मोठी केली.

वहबाच्या मुलाला केस नाहीत, नुसतं गोल डोकं आहे. ह्याला होते. एका बाजूला वेणी घातलेली, दुसऱ्या बाजूला मोकळे. आपला पाय दोन्ही हातांनी धरून ती बसली होती, पाठीत वाकून, सापाला अगदी लागून.

मला काय करायचं होतं ते मला माहीत होतं. एक साप खोडायचा, एक क्रमांक टाकायचा. बोट कळीवर होतं. खोलीत पुन्हा खसखस सुरू झाली होती, आणि ह्या वेळी ती त्या शेवटच्या सापाकडून येते हे कळत होतं.

पण तो तोडला की ती जाईल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं. इपीचा हात तोंडाशी जाईल आणि ओळीत एकच पोर उरेल, कारण पेटीवर तिथं एकच आहे. आणि मी पाच महिने तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होतो. डोळे मिटले की दवाखान्यातली चादरच दिसायची. आणि आता ती इथं होती, माझ्या बोटाएवढी, माझ्यासमोर.

म्हटलं, एक मिनिट. एकच.

वहबा आला, माझ्याजवळ पेला ठेवला, माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. त्याला काय दिसलं मला ठाऊक नाही. तो आपल्या जागेवर जाऊन बसला आणि त्यानं हाताची घडी घातली. मी पेला उचलला. का उचलला? हाताला सवय. मी तिच्याकडे बघत होतो आणि पीत होतो. एकदा तिनं मान वर केली. मला बोलवावं तशी, येऊन बघा ना म्हणावं तशी. मी हललो नाही. तिनं मान वर केली म्हणून तर मला आणखी बघायचं होतं.

पेला रिकामा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

मी कळ दाबली. साप तुटला. आवाज थांबला. ओळीत एकच मूल होतं, हात तोंडाशी, केस नसलेलं. दोन वाजायला चार मिनिटं होती. फाईल गेली.

८

घरी आलो तेव्हा इन्साफ अंगणात होती. आंबवलेल्या पिठाच्या भाकऱ्या थापून उन्हात फुगायला ठेवलेल्या, भट्टी पेटवायची बाकी. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. आधी त्या सकाळचं. वेणी मी अर्धी सोडली ते. नवारा म्हणाली, बाबा, येऊन बघा ना, आणि मी चहा पीत बसलो ते. इन्साफचं अंग ताठ झालं, पण तिनं मला थांबवलं नाही. मग मी पडद्यावरचंही सांगितलं, सगळं, पेल्यासकट. म्हटलं, मला वेड लागलंय असं समज हवं तर. पण आपल्या पोरीला दुखत होतं, इन्साफ, आणि मी दुसऱ्यांदा तेच केलं.

मला वाटलं ती ओरडेल. लाकूड उचलून मारेल. मारायला हवं होतं.

तिनं हातांवरचं पीठ झटकलं. मग पाच महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला त्या नावानं हाक मारली.

"अबू नवारा," ती म्हणाली, "तिला बघायला मला का नाही बोलावलंत?"